‘औषध संपले’ : श्वानाच्या एका कवकरोगाची शुश्रूषा आणि तिची भाषा

भाषाशास्त्राच्या विभागीय पत्रिकेत एका कुत्र्याच्या दुखण्याविषयी लेख आलेला पाहून वाचकांस थोडे नवल वाटेल. असा लेख आपणांस कधी लिहावा लागेल असे प्रस्तुत लेखिकेलाही वाटले नव्हते. परंतु दीर्घ मुदतीच्या रोगाची शुश्रूषा ज्याप्रमाणे औषधांवर अवलंबून असते, त्याचप्रमाणे वैद्याकडून घरच्या माणसांपर्यंत पोहोचणाऱ्या शब्दांवरही ती अवलंबून असते. रोग्याला बोलता येत नसेल तर सर्व व्यवहार मध्यस्थांच्या भाषेतच चालतो. अशा एका प्रसंगी लेखिका स्वतः मध्यस्थ होती, आणि तिच्या भाषांतरातील दोषामुळे एका मुक्या जिवाला पुन्हा यातना सोसाव्या लागल्या. प्रथम त्या रोगाचे व उपचाराचे स्वरूप सांगून नंतर त्यातील भाषिक प्रश्नाकडे वळावयाचे आहे.

१. रोग आणि त्याची नावे

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस असलेल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फीनिक्स शहरी, लेखिकेचे थोरले बंधू सहकुटुंब राहतात. आईही त्यांच्याकडेच असते. घरातील कुत्र्याचे नाव आईने खंड्या असे ठेवले आणि इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांनीही ते आपापल्या उच्चाराने स्वीकारले. २०२२ च्या आरंभी खंड्या खोकू लागला, अंगाने वाळला आणि अन्नावरची त्याची वासना उडाली. तपासणीत त्याला ‘व्हॅली फीव्हर’ झाल्याचे निष्पन्न झाले.

या रोगाचे शास्त्रीय नाव कॉक्सिडिऑइडोमायकोसिस. नामकरणाचा इतिहास पाहिला तर त्याच्या मुळाशीच एक गैरसमज आढळतो. १८९२ साली ब्यूनोस आयर्स येथे आलेहांद्रो पोसादास याने एका सैनिकाच्या शरीरात हा रोग प्रथम नोंदविला. १८९६ साली रिक्सफर्ड व गिलख्रिस्ट या अमेरिकन संशोधकांनी रोगजंतूस ‘कॉक्सिडिऑइडीस इमिटिस’ हे नाव दिले. पूर्वपदाचा अर्थ ‘कॉक्सिडियासारखा’ असा होतो. कॉक्सिडिया हे एकपेशीय प्राणी असून रोगजंतूही त्याच वर्गातील असावा अशी नामकर्त्यांची समजूत होती. ‘इमिटिस’ म्हणजे लॅटिन भाषेत ‘जो सौम्य नाही तो’. पुढे १९०० साली ओफ्यूल्स व मॉफिट यांनी हा प्राणी नसून कवक, म्हणजे बुरशीच्या वर्गातील जीव आहे, असे सिद्ध केले. तोवर नाव रूढ झाले होते. ते आजही चालू आहे. २००२ साली या कवकाच्या दोन जाती मानण्यात आल्या आणि अ‍ॅरिझोनात आढळणाऱ्या जातीस पोसादासच्या स्मरणार्थ ‘पोसादासी’ हे नाव मिळाले.

लौकिक नाव कॅलिफोर्नियातील सान वाकीन नदीच्या खोऱ्यावरून पडले. मराठीत त्यास ‘खोऱ्याचा ताप’ म्हणावे लागेल; ‘दरी’ हा शब्द तेथे बसत नाही, कारण दरी ही दोन डोंगरांमधील खोल जागा, तर खोरे हा नदीचा विस्तीर्ण प्रदेश. या नावातील ‘ताप’ हे पद मात्र पुढे आम्हांस फार महागात पडले. त्याविषयी योग्य ठिकाणी सांगण्यात येईल.

हे कवक रुक्ष प्रदेशातील जमिनीत राहते. पाऊस पडला की मातीत त्याचे तंतू वाढतात. जमीन वाळली की त्या तंतूंचे तुकडे होतात. हे तुकडे म्हणजेच त्याचे बीजाणू. त्यांचा आकार एका मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या २ ते ५ पट इतका सूक्ष्म असल्याने ते धुळीबरोबर हवेत उडतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यातील पावसाच्या ऋतूला ‘मॉन्सून’ असेच म्हणतात, आणि त्या काळात उठणाऱ्या धुळीच्या प्रचंड वादळास ‘हबूब’ म्हणतात. दोन्ही शब्द मुळात अरबी आहेत. आपल्याकडील ‘मोसमी’ वाऱ्याचे मूळही तेच, हे वाचकांस ठाऊक आहेच.

शरीरात शिरल्यावर कवकाचे रूप पालटते. बीजाणू फुगून त्याचा गोल कोश बनतो, कोशाच्या आत शेकडो अंतर्बीजाणू तयार होतात, कोश फुटतो आणि प्रत्येक अंतर्बीजाणूपासून नवा कोश बनू लागतो. बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्ती हा प्रकार फुप्फुसातच आवरते. ती कमी पडल्यास रोग हाडे, सांधे, डोळे, त्वचा किंवा मेंदू यांपैकी कोठेही पसरू शकतो. कुत्र्यांमध्ये हाडांत पसरण्याचे प्रमाण विशेष असते, म्हणून लंगडणे हे त्यांच्यातील एक प्रमुख लक्षण होय.

नाक जमिनीला लावून हुंगत चालणे आणि पंजांनी माती उकरणे हा श्वानजातीचा स्वभावच असल्याने त्यांना या रोगाचा धोका अधिक. टूसान व फीनिक्स या शहरांच्या परिसरातील कुत्र्यांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार कुत्रा २ वर्षांचा होईपर्यंत त्याला संसर्ग होण्याची शक्यता सुमारे २८ टक्के, आणि प्रत्यक्ष आजारी पडण्याची सुमारे ६ टक्के आढळली. म्हणजे संसर्ग होऊनही बहुसंख्य कुत्री आजारी पडत नाहीत. खोकणाऱ्या कुत्र्यापासून घरातील माणसांस हा रोग होत नाही, कारण उडणारे बीजाणू मातीत तयार होतात, श्वासात नव्हे. वाहती जखम असल्यास तिची पट्टी बदलताना हातमोजे घालावेत आणि पट्टी फार दिवस ठेवू नये, एवढी काळजी पुरते.

२. निदानाचे आकडे

निदानासाठी छातीची व हाडांची क्ष-किरण चित्रे घेतात आणि रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. या तपासणीचे उत्तर ‘टायटर’ या नावाने मिळते. रक्तद्रव दर पायरीस निम्म्याने पातळ करीत जातात. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत प्रतिक्रिया दिसते तो आकडा, उदाहरणार्थ १:८, १:१६ किंवा १:३२ असा, कळविला जातो.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली अशी की, एका पायरीचा फरक हा तपासणीच्या स्वाभाविक चढउतारातही पडू शकतो; १:३२ चे १:१६ झाले म्हणजे रोग निम्मा झाला असे नव्हे. दुसरी अशी की, टायटर ही प्रतिपिंडांची मोजणी आहे, कवकाची नाही. काही कुत्री आकडा अल्प असतानाही गंभीर आजारी असतात, तर काही पूर्ण सुधारल्यावरही बराच काळ थोडा आकडा दाखवितात. म्हणून निर्णय करताना पशुवैद्य आकडा, क्ष-किरण चित्र आणि कुत्र्याची प्रत्यक्ष प्रकृती ही तिन्ही एकत्र पाहतात. खंड्याचा पहिला आकडा १:३२ होता.

३. औषध कसे काम करते

जंतुनाशक औषधांची विपुलता आणि कवकनाशक औषधांची टंचाई यामागे जीवशास्त्रीय कारण आहे. कवके दिसावयास वनस्पतींसारखी असली तरी उत्क्रांतीच्या दृष्टीने ती प्राण्यांना अधिक जवळची आहेत. त्यामुळे कवकास मारील पण रोग्यास बाधणार नाही असा नेमका भेद सापडणे कठीण. जो भेद सापडला तो पेशीच्या आवरणातील आहे. प्राण्यांच्या पेशींत त्या ठिकाणी कोलेस्टेरॉल असते, तर कवकांत एर्गोस्टेरॉल. आज वापरली जाणारी बहुतेक औषधे या एर्गोस्टेरॉलवरच घाला घालतात.

या क्षेत्रात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. १९५० साली हेझन व ब्राउन या दोन अमेरिकन विदुषींनी शोधलेल्या कवकनाशकास न्यूयॉर्क स्टेट या नावावरून ‘निस्टॅटिन’ म्हणण्यात आले. त्यानंतर सुमारे एका दशकाने पुण्याजवळील पिंपरी येथे, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत, त्याच कुळातील ‘हॅमायसिन’ हे औषध वेगळे करण्यात आले. नावातील ‘हॅ’ संस्थेच्या आद्याक्षरांचा आहे आणि ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या नावात ‘पिंप्रिना’ या रूपाने पिंपरी गाव अमर झाले आहे.

कुत्र्यांच्या या रोगात सामान्यतः फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल या गोळ्या देतात. रोग फार तीव्र असल्यास शिरेतून अ‍ॅम्फोटेरिसिन द्यावे लागते. गोळ्यांच्या गटाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या औषधांनी एर्गोस्टेरॉलची घडण रोखली जाऊन कवकाची वाढ थांबते, पण ते तत्काळ मरत नाही. वाढ थांबलेल्या कवकाचा निकाल शरीराच्या प्रतिकारशक्तीस सावकाश लावावा लागतो. म्हणून एक-दोन आठवड्यांत कुत्रा खाऊ-खेळू लागला तरी उपचार सामान्यतः ६ ते १२ महिने चालतो. हाडांत रोग असल्यास तो वर्षाहून अधिक काळ, आणि मेंदूत असल्यास बहुधा जन्मभर चालू ठेवावा लागतो. लक्षणे जाणे आणि रोग जाणे यांमधील हे महिन्यांचे अंतर ध्यानात न ठेवल्यास सर्व श्रम वाया जातात.

४. दैनंदिन शुश्रूषा

घरच्या माणसांचे पहिले काम वेळेवर गोळी देण्याचे. नेमून दिलेले अंतर, बहुधा १२ तासांचे, पाळावे. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल अन्नाबरोबर द्याव्यात. फ्लुकोनॅझोलला ती अट नाही. आई पोळीच्या तुकड्यास थोडे तूप लावून त्यात गोळी गुंडाळीत असे. आधी रिकामा घास, मग गोळीचा, लगेच तिसरा रिकामा, अशा क्रमाने खंड्या फसत असे. गोळी लपविण्यासाठी शेंगदाण्याचे तयार लोणी वापरणाऱ्यांनी त्यात झायलिटॉल ही कृत्रिम साखर नाही याची खात्री करावी, कारण ती कुत्र्यास विषासमान आहे.

दुसरे काम आहाराचे. रोगामुळे व औषधामुळे भूक मंदावते. अन्न थोडे कोमट केल्यास वास सुटून कुत्रा त्याकडे वळतो. कोंबडीचे पाणी व मऊ भात चालतो, परंतु आपल्या सवयीने त्यात कांदा-लसूण पडता कामा नये, कारण त्यांनी कुत्र्याच्या रक्तपेशी नाश पावतात. मनुका व द्राक्षेही वर्ज्य होत. वजन आठवड्यास एकदा, एकाच काट्यावर घ्यावे.

तिसरे काम वेदनेचे व विश्रांतीचे. दुखत असल्यास पशुवैद्याने दिलेलेच वेदनाशामक द्यावे. माणसांसाठी असलेल्या आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉल यांच्या गोळ्यांनी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. धावणे, उड्या मारणे काही काळ बंद ठेवावे, जाड अंथरूण द्यावे, गुळगुळीत फरशीवर सतरंजी पसरावी. कुत्रा झोपलेला असताना त्याचे श्वास मोजावेत. मिनिटास ३० पेक्षा अधिक श्वास वारंवार आढळल्यास विलंब न करता पशुवैद्यास कळवावे.

चौथे काम नोंदीचे. उलटी, अन्नावर वासना नसणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर वा हिरड्यांवर पिवळेपणा ही यकृतावर भार पडल्याची चिन्हे असू शकतात. त्यासाठी मधूनमधून रक्ततपासणी करतात. केस विरळ होणे, कातडी कोरडी पडणे हेही दिसते, पण त्याने घाबरून जाऊ नये. औषध आपल्या मनाने कमी करू नये व थांबवू नये.

हे शेवटचे वाक्य लेखिका आता सहज लिहू शकते. २०२२ च्या जूनमध्ये तेच नेमके आईपर्यंत पोहोचले नाही.

५. चूक कोठे झाली

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत लेखिका फीनिक्सला गेली होती. दादा कामानिमित्त परगावी होते. वहिनींची नोकरी सकाळची. त्यामुळे खंड्याला दवाखान्यात नेण्याचे काम आई व लेखिका यांच्याकडे आले. आईला इंग्रजी समजत नाही. तपासणी संपल्यावर पशुवैद्याने इंग्रजीत सांगितले त्याचा आशय असा होता : कुत्रा पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला आहे, आकडा १:१६ आहे, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. लेखिकेने आईला सांगितले, “डॉक्टर म्हणतात, खंड्या आता बरा आहे. तीन महिन्यांनी परत दाखवायचंय.”

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, तरी अर्थ बदलला होता. इंग्रजीत तुलना विशेषणाच्या रूपातच असते. ‘बेटर’ म्हणताच पूर्वीची अवस्था गृहीत धरली जाते आणि ती गाळता येत नाही. मराठीत विशेषणाचे रूप पालटत नाही. तुलनेचा सर्व भार ‘पेक्षा’ या शब्दयोगी अव्ययावर असतो. ‘पूर्वीपेक्षा बरा’ यातील ‘पूर्वीपेक्षा’ गळले की उरतो तो निखळ ‘बरा’. आणि ‘बरा’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : ‘ठीक, सुसह्य’ आणि ‘रोगमुक्त’. लेखिकेच्या मनात पहिला होता, आईने दुसरा ऐकला.

त्यात भर पडली ती रोगाच्या नावाची. घरात सर्वजण त्यास ‘खोऱ्याचा ताप’ म्हणत. ते भाषांतरही लेखिकेचेच. मराठीत निरनिराळ्या दुखण्यांना निरनिराळी क्रियापदे लागतात. ताप ‘येतो’ आणि ‘उतरतो’ किंवा ‘जातो’. खोकला ‘होतो’. दीर्घ व्याधी ‘जडते’ किंवा ‘लागते’. दुखण्याचे नाव घेताच त्याच्या वाटचालीचा एक नकाशा क्रियापदाच्या द्वारे श्रोत्याच्या मनात उभा राहतो. ‘ताप’ म्हटले की तो आला तसा जाणार. खंड्याचे अंग तर मार्चमध्येच थंड झाले होते. आई पुढे लेखिकेस म्हणाली, “अगं, ताप उतरला, तो खायला लागला, डॉक्टर म्हणाले बरा आहे. मग मुक्या जनावराच्या पोटात आणखी औषधं कशाला घालायची?” मराठी भाषेच्या नियमांनी पाहता तिच्या तर्कात कोठेही दोष नाही.

लेखिका भारतात परतल्यावर, जूनच्या अखेरीस, गोळ्यांची बाटली रिकामी झाली. दादांनी परगावाहून फोनवर विचारले तेव्हा आईने सांगितले, “औषध संपलं.” हे तिसरे वाक्य. ‘औषध संपले’ म्हणजे साठा संपला, आणि ‘औषध संपले’ म्हणजे उपचार पूर्ण झाला. मराठीत दोहोंस एकच वाक्य पुरते. आईने पहिली गोष्ट सांगितली आणि तिच्यापुरती दुसरीही गृहीत धरली. दादांनी फक्त दुसरी ऐकली, आणि डॉक्टरांनीच तसे सांगितले असेल असे समजून ते निश्चिंत झाले. पाच आठवडे गोळी बंद होती. सहाव्या आठवड्यात खंड्या पुढचा उजवा पाय टेकवेना. क्ष-किरण चित्रात मनगटाजवळच्या हाडास कवकाने पोखरल्याचे दिसले, आणि आकडा पुन्हा १:३२ झाला. आईने त्या रात्री जेवण केले नाही. “माझ्या हातून झालं,” एवढेच ती म्हणत राहिली. ते तिच्या हातून झाले नव्हते.

६. दुरुस्ती

दुसऱ्या खेपेस औषध तेच होते. बदलली ती भाषा. प्रथम रोगाचे घरगुती नाव बदलले. ‘ताप’ टाकून ‘बुरशीचा रोग’ म्हणावयाचे ठरले. बुरशी म्हटली की आईला लोणच्याची बरणी आठवे. वरची बुरशी काढली तरी खाली ती असतेच, हे तिला कोणी शिकवावयास नको होते. शास्त्रदृष्ट्या हे साम्य ढोबळ आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष अचूक होता.

दुसरे, ‘बरा’ हा शब्द एकटा वापरावयाचा नाही असे ठरले. मराठीची संयुक्त क्रियापदे या कामी फार उपयुक्त आहेत. ‘बरा होतो आहे’, ‘बरा होत आला आहे’ आणि ‘बरा झाला’ या तीन रूपांत क्रियेची तीन टप्प्यांवरील अवस्था स्पष्ट दिसते. पैकी तिसरे रूप फक्त पशुवैद्यानेच वापरावयाचे, असा घरात नियम झाला.

तिसरे, औषधाची मर्यादा बाटलीवरून न सांगता व्यक्तीवरून सांगितली : ‘डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत.’ रिकाम्या बाटलीसाठी ‘गोळ्या सरल्या, आणायच्या आहेत’ असे दोन क्रियापदांचे वाक्य ठरले, म्हणजे पहिल्या अर्धवाक्यावर कोणी थांबणार नाही.

चौथे, दवाखान्यातून निघण्यापूर्वी आईने काय समजले ते तिच्या शब्दांत सांगावयाचे आणि ते पशुवैद्यास इंग्रजीत परत ऐकवावयाचे. भाषांतर दोन्ही दिशांनी तपासून पाहिल्याखेरीज पुरे झाले असे मानावयाचे नाही. स्वयंपाकघरात एक वही टांगली. तिच्यात आईच्या हस्ताक्षरात रोज तीन गोष्टींची नोंद होई : गोळी दिली का, काय खाल्ले, पाय टेकला का. महिन्याकाठी पशुवैद्य त्या वहीचा तर्जुमा करून घेत, आणि प्रयोगशाळेच्या आकड्यांच्या शेजारी ठेवून ती वाचीत.

उपचार आणखी १८ महिने चालला. २०२४ च्या आरंभी, तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन तपासण्यांत आकडा १:४ वर स्थिर राहिला आणि हाड भरून आलेले दिसले, तेव्हा पशुवैद्याने गोळ्या थांबविल्या. थंडीच्या दिवसांत खंड्या अजून किंचित लंगडतो.

भाषांतराचा अभ्यास करताना आपण साहित्यकृतींचा विचार करतो, तो योग्यच आहे. परंतु आपल्या समाजात रोजच्या रोज होणारी असंख्य भाषांतरे दवाखान्याच्या ओसरीवर, मुलाकडून आईला, सुनेकडून सासऱ्याला, तोंडी होत असतात. तेथे मूळ संहिता उरत नाही आणि चूक झाल्यास ती रोग्याच्या शरीरावर उमटते. आजाराच्या मराठी क्रियापदांचा, विशेषतः ‘येणे, होणे, जडणे, लागणे, उतरणे, संपणे’ यांचा, आणि ‘बरा’ या विशेषणाचा बोलीनिहाय अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हाती घेतल्यास त्याचा उपयोग माणसांच्या दवाखान्यांतही झाल्यावाचून राहणार नाही. सामग्री दूर शोधावयास नको. कोणत्याही रुग्णालयाच्या औषधखिडकीपाशी तासभर उभे राहिले तरी पुरे.